कासरा कुणाच्या हातात होता

आमच्या ह्यांना शिक्षा झाली त्या दुपारी मी शहापुरात शेजारच्या विणकरांच्या पडवीत कांड्या भरत बसले होते. बायकांनी कोर्टाची पायरी चढू नये, असं ह्यांचं मत. सकाळी मी पुष्कळ भांडले होते, पण एकदा नाही म्हटलं की ह्या माणसापुढे कुणाचं काही चालत नसे. दुपारी मोटारमालकाचा मुनीम आला आणि चपला न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "वैनी, सहा म्हैन्यांची सक्तमजुरी झाली. लायसन बी गेलं. अपिलापुरता जामीन मिळालाय, सांजच्याला घरी येतील." मी सूत तुटू नये म्हणून आधी रहाट थांबवला. मग काय विचारावं ते सुचेना, म्हणून त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन तो गेला.

संध्याकाळी हे आले, पाय धुतले आणि नेहमीच्या जागी बसले. मी ताट वाढलं. जेवले. मला वाटलं होतं, काहीतरी बोलतील, निदान मॅजिस्ट्रेटला चार शिव्या देतील. काही नाही. मीच मग मॅजिस्ट्रेटला, सरकारी वकिलाला आणि त्या मुनिमाच्या चपलांना शिव्या दिल्या. शेवटी हे म्हणाले, "माणूस मेलाय. कुणाला तरी शिक्षा हुणारच."

हे मूळचे बेळगुंदीचे. घरची शेती भावाभावांत वाटून चिमूटभर राहिलेली, म्हणून तरणेपणी बैलगाडी हाकत. मग बेळगावात मोटारीच्या गॅरेजात राहिले, चालवायला शिकले आणि निपाणी-बेळगाव सर्विसवर ड्रायव्हर झाले. भावकीत ह्यांचा मोठा रुबाब होता. लग्नकार्यात लोक ह्यांना मुद्दाम पुढच्या पंगतीत बसवत, आणि मीही त्या रुबाबात दोन बोटं वर तरंगत असे. ते खोटं कशाला सांगू.

ती लढाईची वर्षं होती. पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा सर्विस मोटारींच्या पाठीमागे कोळशाची भट्टी बसवली गेली. पहाटे उठून भट्टी पेटवायची, पंखा फिरवून फिरवून गॅस धरायचा, मग मोटार सुरू व्हायची. ह्यांच्या सदऱ्याची कॉलर कितीही घासली तरी निघत नसे. त्या गॅसला दम नव्हता. भरलेली गाडी चढावर मधेच बसायची, उतारूंना खाली उतरून ढकलावं लागायचं. म्हणून सगळे ड्रायव्हर एक करत, पुढे चढ असला की अलीकडच्या उतारावर गाडी मोकळी सोडत आणि त्या जोरावर चढ काढत. ते चूक आहे असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं. उतारूंनाही वाटत नव्हतं, कारण ढकलायला कुणालाच आवडत नसे.

काकतीच्या अलीकडे असाच एक उतार आहे. पहाट सरून उजाडत होतं आणि धुकं होतं. हे निपाणीहून बेळगावकडे येत होते आणि गाडी उतारावर सोडलेली होती. पुढे त्याच दिशेनं एक कडब्याची बैलगाडी चालली होती. कडबा असा रचलेला की मागून गाडीवान दिसू नये. ह्यांनी भोंगा वाजवला आणि उजवीकडून पुढे काढायला गाडी घातली. तेवढ्यात बैलगाडी उजवीकडे वळली आणि रस्त्याच्या मधोमध आली. मोटारीची डावी बाजू तिच्या चाकावर आदळली. मोटार उजव्या चरात गेली. कडब्यावरचा माणूस रस्त्यावर फेकला गेला. त्याच्या अंगावर कुठे रक्त दिसत नव्हतं, पण पोटात मार बसला होता. बेळगावच्या दवाखान्यात नेता नेता तो वाटेतच गेला. त्याची बायको गाडीतच होती, तिला खरचटलंसुद्धा नव्हतं.

हे सगळं असंच झालं. पण फौजदार पंचनाम्याला आला तेव्हा त्याला बैलगाडी रस्त्याच्या डाव्या कडेला, झाडाखाली व्यवस्थित उभी दिसली. बैल सोडलेले, दोन्ही झाडाला बांधलेले, पुढ्यात कडबा टाकलेला. आणि मोटार पलीकडे चरात. फौजदारानं दिसलं ते लिहून घेतलं. आपल्या कडेनं निमूट चाललेल्या गाडीला मोटारवाल्यानं भरधाव येऊन ठोकलं, असा त्याचा अर्थ निघाला. मॅजिस्ट्रेटनेही तोच काढला.

गाडी कडेला नेली होती ती ह्यांनीच. एक बैल जुवाखाली गुडघ्यावर बसला होता आणि गळ्यातल्या पट्ट्यानं त्याचा श्वास कोंडत होता. रस्त्यावर पडलेला गाडीवान तेवढंच बोलत होता, "आधी बैल सोडा. बैल सोडा आधी." ह्यांनी बैल सोडले. जमलेल्या उतारूंना घेऊन गाडी ढकलत कडेला नेली, बैलांना झाडाला बांधलं, त्यांच्या पुढ्यात वैरण टाकली आणि मग गाडीवानाला उचललं. जन्मभर बैलांत वाढलेला माणूस दुसरं काय करणार? बेळगुंदीत कुणालाही विचारा, तो हेच करील. पण कोर्टात सरकारी वकील म्हणाला की आरोपीनं पुरावा मोडला. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, "गाडी तुम्ही हलवली?" हे म्हणाले, "व्हय, मीच." झालं, संपलं. उतारूंपैकी दोघा व्यापाऱ्यांना साक्षीला आणलं होतं. एक म्हणाला गाडी मधे होती, दुसरा म्हणाला धुक्यात काही नीट दिसलं नाही, मोटार मात्र जोरात होती. बाकीच्यांनी कोर्टाचं नाव काढताच पाठ फिरवली.

अपिलासाठी मोटारमालकानं बेळगावातले एक वयस्क वकील दिले. तपकीर ओढणारे, हळू बोलणारे. दुसऱ्या खेपेला मी हट्टानं ह्यांच्याबरोबर गेले. वकिलांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि ह्यांना उभं ठेवलं, त्यामुळे ते मला एकदम आवडले.

"हे बघा बाई," ते म्हणाले, "सगळा खटला एका गोष्टीवर आहे. गाडी मधे होती की कडेला. कोर्ट विश्वास ठेवील असं, ते डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस उरलंय, मयताची बायको. खालच्या कोर्टात तिला आणलंच नाही. ती झोपेत होती, तिला काही ठाऊक नाही, असं सासऱ्यानं फौजदाराला सांगितलं. आपण सेशन्स कोर्टात अर्ज करू की तिची साक्ष घ्या. ती खरं बोलली तर शिक्षा टिकणार नाही."

"तिला बोलवायचं न्हाय," हे म्हणाले.

वकिलांनी तपकिरीची डबी खाली ठेवली. "का?"

"न्हाय बोलवायचं. दुसरं काय असंल ते करा."

दुसरं काही नव्हतं. वकिलांनी ते स्पष्ट सांगितलं. त्या बाईशिवाय अपील म्हणजे नुसता उपचार आहे, दोन-तीन तारखांनंतर तुरुंगात जायची तयारी ठेवा, असं म्हणाले. 

त्या दिवशी घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही आणि घरी आल्यावर थांबले नाही. तुमची अब्रू तुम्हाला नको असेल तर माझी तरी ठेवा, म्हटलं. तुरुंगातून आलेल्या माणसाला स्टेअरिंगवर कोण बसवणार आहे, म्हटलं. त्या बाईची एवढी काय पडलीय तुम्हाला, असंही म्हणाले, आणि ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला आज आठवला तरी बरं वाटत नाही.  अखेर हे उठून बाहेर गेले आणि शेजारच्या विणकरांच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना न सांगता निघाले. काकतीच्या बाजाराला जाणारी एक ओळखीची गाडी होती, तिच्यातून काकतीपर्यंत गेले आणि पुढे त्या बाईच्या गावापर्यंत चालत. घर शोधायला वेळ लागला नाही, गावानं बोट दाखवलं. सासरा शेतावर होता. ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान होती. मी काही बोलायच्या आधीच तिनं विचारलं, "तुमी मोटारवाल्यांच्या घरच्या न्हवं?"

"व्हय."

"मला ठावं हुतं कोण तरी येणार." तिनं पाणी आणून दिलं, गुळाचा खडा दिला. तिच्या घरात मी गूळ खाऊ शकले नाही, नुसता मुठीत धरून बसले.

मी आले होते ती भांडायच्या तयारीत. तिच्यासमोर बसल्यावर एवढंच म्हणता आलं, "गाडी मधे हुती का कडंला, एवढंच खरं ते कोर्टात सांग. माझा नवरा तुरुंगात चाललाय."

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "त्यांनी तुमास्नी कायच सांगितलं न्हाय?"

"काय सांगायचं?"

तिनं दाराकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाली, "कासरा माझ्या हातात हुता, आक्का."

हे वाचणाऱ्याला त्यात एवढं काय, असं वाटेल. आमच्याकडच्या शेतकरी घरांत बाईनं पेरणी केली, खुरपणी केली, डोक्यावर भारे वाहिले तरी चालतं, पण जुवाला हात लावायचा नाही आणि बैल हाकायचा कासरा धरायचा नाही. बाईनं बैल हाकले की घरावर अरिष्ट येतं, कर्ता माणूस जातो, असं बेळगुंदीत माझ्या सासरीही मानत. लहानपणी मी एकदा गंमत म्हणून गाडीच्या पुढे जाऊन बसले तर आजोबांनी काठी उगारली होती. आणि इथे हिच्या हातात कासरा आणि हिचाच नवरा गेला. गावाला हे कळलं असतं तर मोटार बाजूलाच राहिली असती.

मग तिनं सगळं सांगितलं. नवऱ्याला बरेच दिवस कसर होती, हिवताप येऊन जाऊन असायचा. पण वैरण विकायला बेळगावला जाणं चुकवता येत नव्हतं. गाव मागे पडलं की तो कडब्यावर जाऊन झोपायचा आणि ही पुढे बसून कासरा धरायची. बेळगाव जवळ आलं, माणसं दिसायला लागली की ती त्याला उठवायची. असं पुष्कळदा झालं होतं. बैल गरीब होते, ही हाताळायला शिकली होती. "मला आवडायचं, आक्का," ती म्हणाली. तेवढ्या एका वाक्याला तिचा आवाज बदलला. त्या दिवशी मागून भोंगा वाजला, ती दचकली आणि डाव्या बाजूचा कासरा ओढायचा तो उजव्या बाजूचा ओढला.

"तुमचे घरधनी पळत आले तवा बी कासरा माझ्या हातात गच्च. सोडायचं कळंना. त्यांनी एकेक बोट सोडवलं आणि म्हणाले, ताई, हे कुणाला सांगू नगंस. मग बैल सोडायला गेले."

मी उठले. गुळाचा खडा मुठीत विरघळून हात चिकट झाला होता. निघताना तिनं मला थांबवलं नाही आणि मीही तिला परत काही मागितलं नाही. परतीच्या वाटेवर मला तिची दया आली नाही असं नाही. पण ह्यांची जास्त आली, आणि स्वतःची सगळ्यात जास्त आली.

घरी गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "ती कासरा धरून बसली होती, हे तुम्ही मला का सांगितलं नाही?"

हे दचकले. "तू तिकडं गेलतीस?"

"गेलते."

 मग म्हणाले, "मी सहा म्हैन्यांनी घरी यीन. तिला कुठं जायाचं?" पुन्हा म्हणाले, "आणि येग हुताच की गाडीला. हळू असतो तर थांबलो असतो. तिचं चुकलं तसं माझं बी चुकलं."  मला नेहमीसारखा राग आला. पण ह्या वेळी मी तो भांड्यांवर काढला. वकिलांना काही सांगितलं नाही. माझ्या मनानं मी तुरुंगात द्यायची वळकटी बांधून ठेवली होती.

अपिलाच्या पहिल्या तारखेला मीही कोर्टात गेले. आता मला कोण अडवणार होतं? तिचा सासरा आला होता, तो दर तारखेला येई. उंच, वाळका म्हातारा, डोक्याला मुंडासं. पोराला मारणारा आत गेलेला बघायचाय, असं तो कुणालाही सांगायचा. त्याच्या गाडीतून या खेपेला ती पण आली होती. दवाखान्यातून औषध आणायचंय, असं सांगून आली होती हे नंतर कळलं. सासरा आत जाऊन बसल्यावर ती सरळ कोर्टाच्या व्हरांड्यात आमच्या वकिलांपुढे येऊन उभी राहिली. "मला बोलायचं हाय," म्हणाली.

मी तिला बाजूला घेतलं. "का आलीस गं? मी परत मागितलं नव्हतं."

"तुमच्यासाठी न्हाय आले," ती म्हणाली. "मामंजी घरी येऊन रोज सांगत्यात, त्या खुन्याला आत घालणार म्हणून. मी त्यास्नी भाकरी वाढते आणि ऐकते. आता ऐकवंना."

वकिलांनी अर्ज दिला. सेशन्स जज्जांनी तिची साक्ष घ्यायचं मान्य केलं आणि पुढची तारीख दिली. सासऱ्यानं तिला अडवलं नाही, सून आपल्या पोराच्या बाजूनंच बोलेल असा त्याला भरवसा होता. हे रागावले. वकिलांवर, माझ्यावर आणि मला वाटतं तिच्यावरही. मी शपथेवर सांगितलं की मी काही केलेलं नाही. त्यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला.

साक्षीच्या दिवशी ती पदर डोक्यावरून घट्ट ओढून पिंजऱ्यात उभी राहिली. आमच्या वकिलांनी विचारलं, धडकेच्या वेळी गाडी कुठे होती?

"मधोमध. उजवीकडं आलती."

कडेला कुणी नेली?

"मोटारवाल्यांनी. आमच्या मालकांनीच सांगितलं, बैल सोडा म्हणून. जीव जाताना बी त्यास्नी बैलाचंच."

वकील खाली बसले. त्यांना हवं ते मिळालं होतं. इथेच थांबलं असतं तरी शिक्षा रद्द झाली असती. मेलेल्या गाडीवानानं गाडी मधे घातली, एवढा ठपका राहिला असता, आणि मेलेल्या माणसाला त्याचं काय. मी मनात म्हणत होते, आता उतर बाई खाली. पण सरकारी वकील उठला. त्याला वाटत होतं की ती पढवलेली आहे.

"तुमचा नवरा चांगला जाणता गाडीवान होता ना?"

"व्हय."

"मग जाणता गाडीवान मागून भोंगा ऐकून गाडी मोटारीपुढे घालील?"

तिनं पदर आणखी पुढे ओढला.

"बोला. तो वेडा होता? दारू प्याला होता? गाडी तोच हाकत होता ना?"

आरोपीच्या जागेवरून हे एकदम बोलले, "साहेब, ते इचारू नका तिला." जज्जांनी ह्यांना दटावलं. शिरस्तेदार उठून उभा राहिला. तिनं एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा सासऱ्याकडे. सासरा पुढे वाकून कानावर हात धरून ऐकत होता.

"माझ्या मालकांनी कधी गाडी अशी घातली न्हाय," ती म्हणाली. "त्यास्नी ताप हुता. ते झोपलते. कासरा माझ्या हातात हुता."

 जज्जांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि तिनं म्हटलं. म्हातारा उठला. त्याला उठताना बाकाचा आधार घ्यावा लागला. तो तिच्याकडे न बघता बाहेर गेला.

ती खाली आली तेव्हा तो आवारात बैल जुंपत होता. ती गाडीजवळ जाऊन उभी राहिली. त्यानं तिला बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. गाडी निघाली. ती गाडीमागून चालू लागली. मी धावत जाऊन तिचा हात धरला, आमच्याकडे चल म्हटलं. तिनं माझा हात सोडवला आणि पावलं उचलली. म्हातारा बैलांना पळवत नव्हता, पण थांबवतही नव्हता. वळणापर्यंत मला तिची पाठ दिसत होती. जामिनावरचे हे माझ्या मागे उभे होते. आम्ही दोघं तसेच उन्हात उभे राहिलो.

पुढे निकाल लागला. शिक्षा रद्द. जज्जांनी निकालात लिहिलं की बैल आधी सोडवणं ही शेतकऱ्याची स्वाभाविक कृती होती आणि तिच्यावरून दोषी मनाचं अनुमान काढता येत नाही. वकिलांनी मला तो भाग मराठीत दोनदा वाचून दाखवला. मोटारमालकानं पेढे वाटले. मुनीम या वेळी चपला काढून घरात आला. मला आनंद झाला होता, खूप झाला होता. तो मी लपवणार नाही. ह्यांनी पेढा हातात घेतला आणि शेजारच्या मुलांत वाटायला सांगितला.

तिला सासरी ठेवलं नाही. तिचं माहेर जांबोटीकडचं, रानातलं. भावानं येऊन नेली, असं काकतीच्या माणसांकडून ह्यांना कळलं. ह्यांचं लायसन परत मिळालं. मालक म्हणत होता, निपाणी लाईन घे, तुझीच आहे. हे नको म्हणाले. जांबोटीची लाईन मागितली. तिकडे जायला कुणी ड्रायव्हर तयार नसे. रस्ता खराब, पाऊस सोसवेना इतका, उतारू थोडे, वर पावसाळ्यात गाडी कुठे अडकेल त्याचा नेम नाही. भावकीनं वेड्यात काढलं. मी या खेपेला भांडले नाही.

त्या लाईनवर हे बरीच वर्षं राहिले. लढाई संपली, पेट्रोल परत आलं, कोळशाच्या भट्ट्या भंगारात गेल्या. ती जांबोटीच्या नाक्यावर अधूनमधून दिसते, असं हे सांगत. डोक्यावर गवताचा भारा असे, कधी जळणाचा. मोटार आली की बाजूला सरून उभी राही आणि मोटार गेली की चालू लागे. हे कधी तिच्याशी बोलले नाहीत. ती कधी मोटारीत बसली नाही. बेळगावला जायचं झालं तरी चालत निघे. तिकडची माणसं इतकं चालत, त्यात नवल नव्हतं. पण हे प्रत्येक वेळी मला सांगत, "आज बी चालतच गेली."  मी ताट वाढे.

एका संध्याकाळी हे घरी आले आणि पाय न धुता पडवीतच बसले. मी विचारलं, बरं नाही का. मान हलवली. चूल पेटलेली होती, मी आत गेले. भाकरी तव्यावर टाकली तेव्हा आतूनच मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"आज ती गाडीत बसली."

मी बाहेर आले.

"पुढच्या बाकावर बसली. माझ्याच मागं. तिच्या आईला दवाखान्यात न्यायचं हुतं." ते सावकाश बोलत होते. "तिकीट नगं म्हणणार हुतो, पण तिनं आधीच पैसे काढलते. सगळी वाट मला भोंगा वाजवायला बी भ्या वाटत हुतं."

"काय बोलली?"

"काय न्हाय. बेळगावात आईला धरून उतरली. मग माघारी आली आणि म्हणाली, अण्णा, उतार हळू काढलासा."

आणि हे रडायला लागले. शिक्षा झाली तेव्हा रडले नव्हते, सुटले तेव्हा रडले नव्हते. आत तव्यावर भाकरी करपल्याचा वास येत होता. मी आत गेले नाही. ह्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि रडू दिलं.